लाइट गेली तरी रिलीज थांबत नाही

परभणीत राहून सॉफ्टवेअर लिहितो असं सांगितलं की पुण्यातले मित्र हमखास विचारतात, "तिकडे लाइट, नेट असतं का रे?" प्रश्न रास्त आहे. वळवाचा पाऊस आला की इथे लाइट कधी येईल याचा नेम नसतो. तरीही मी गावी राहून हे काम करू शकतो, कारण बिल्ड, टेस्ट आणि रिलीज ही तिन्ही कामं आम्ही माणसाच्या हातातून काढून यंत्राकडे सोपवली.

आमची छोटी टीम जिनिंगवाल्यांसाठी कापूस खरेदीचं सॉफ्टवेअर बनवते. गाडी काट्यावर येते, भरलेलं आणि रिकामं वजन होतं, ओलावा मोजला जातो आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात हिशेबाची पट्टी पडते. पूर्वी नवी आवृत्ती चढवायची तर काटा बंद झाल्यावर, रात्री कुणीतरी लॅपटॉप घेऊन बसायचं. फायली सर्व्हरवर टाकायच्या, डेटाबेसचे बदल हाताने चालवायचे, मग दोन-चार पट्ट्या काढून बघायच्या. मध्येच लाइट गेली की अर्ध्या फायली नव्या, अर्ध्या जुन्या. सकाळी काट्यावर गाड्यांची रांग लागलेली आणि पट्टी काही निघत नाही.

हे गावाकडेच घडतं असं नाही. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीने नवा कोड हाताने चढवला. आठपैकी एका सर्व्हरवर तो गेलाच नाही. तिथला जुना कोड जागा झाला आणि पाऊण तासात सुमारे ४४ कोटी डॉलरचं नुकसान झालं.

आता आमच्यापैकी कुणीही कोड बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटवर पाठवला की दूरच्या सर्व्हरवर जेन्किन्स हे ही कामं आपोआप करणारं सॉफ्टवेअर कामाला लागतं. आधी बिल्ड, मग सगळ्या टेस्ट. सर्वांत जास्त जीव आम्ही ओलाव्याच्या टेस्टमध्ये ओतला. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, हमीभाव खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलाव्याला पूर्ण दर मिळतो, त्यापुढे दर प्रमाणात घटतो आणि १२ टक्क्यांच्या वरचा कापूस घेत नाहीत. म्हणून ८, ८.१, १२ आणि १२.१ या चारही आकड्यांना पट्टी बरोबर निघते का, हे प्रत्येक बदलानंतर तपासलं जातं. एक टेस्ट जरी पडली तरी कोड तिथेच अडतो आणि आम्हा सगळ्यांच्या फोनवर निरोप येतो. दशांशातली चूक म्हणजे कुणाच्या तरी वर्षभराच्या कष्टातले पैसे, हे आम्ही विसरत नाही.

इथल्या कृषी विद्यापीठातही कुठलाही वाण वेगवेगळ्या ठिकाणी चाचण्या पार केल्याशिवाय प्रसारित होत नाही. आम्ही कोडला तीच शिस्त लावली. टेस्ट पास झाल्या की आवृत्ती सरावाच्या सर्व्हरवर जाते, मग एका जिनिंगला आणि तिथे सुरळीत चालली तरच सर्वांना. बिघडलं तर आधीची आवृत्ती एका आज्ञेत परत येते. शेवटचं बटण मात्र माणूसच दाबतो. हंगामात काटा सुरू असताना ते दाबायचं नाही, हा निर्णय यंत्रावर सोडण्यासारखा नाही.

ही साधनं महागडी नाहीत. कोहसुके कावागुची या प्रोग्रामरने सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना 'हडसन' लिहिलं, कारण आपल्या कोडमुळे बिल्ड मोडू नये असं त्याला वाटत होतं. त्याचंच २०११ मध्ये 'जेन्किन्स' झालं. ते आजही मोफत आहे आणि त्याचा कोड सर्वांना खुला आहे.

आज मी कोड पाठवला आणि लगेच लाइट गेली, तरी काम अडत नाही. टेस्ट दुसरीकडे चालू असतात, निकाल मोबाइलवर येतो. रिलीज कसं करायचं हे एकाच्याच डोक्यात न राहता गिटमधल्या एका फायलीत लिहिलेलं असतं. त्यामुळे टीममधला नवा मुलगाही ते बिनधास्त करतो.

परभणी, जिंतूर, सेलूकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलामुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे. मोठ्या कंपनीत गेल्यावर शिकू म्हणून थांबू नका. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्येच एक टेस्ट लिहा आणि प्रत्येक बदलानंतर ती आपोआप चालेल अशी सोय करा. ही शिस्त अंगी बाणली तर चांगलं सॉफ्टवेअर बनवायला गाव सोडावंच लागेल असं नाही.