स्वस्त रबर

चिरंजीवांच्या टेबल टेनिसच्या बॅटीला दुकानांतलें सर्वांत महाग रबर लावून आम्हीं पितृकर्तव्य पार पाडलें! त्याच्या दोन मिलिमीटरांहून जाड स्पंजावरून चेंडू असा उसळे, कीं टेबल आखूड वाटावें. पोर हिरमुसलें, ‘मला जमतच नाहीं’ म्हणूं लागलें. १९५२ सालीं मुंबईंतच जपानच्या हिरोजी सातोनें स्पंजाच्या बॅटीनें जगज्जेतेपद मिळविलें, तेव्हां भल्याभल्यांची त्रेधा उडाली होती. मग नवशिक्याची काय कथा? शेवटीं दीड मिलिमीटर स्पंजाचें, पकड चांगली पण वेग बेताचा, असें साधें रबर निम्म्याहून कमी किंमतींत आणलें. त्या संध्याकाळीं चेंडू सलग बारा वेळां टेबलावर पडला. उखडलेलें महागडें रबर कपाटांत आहे. त्याची किंमत सौभाग्यवती अजून विचारीत असतात.