परसातील अळ्या

शिंदखेड्यात ज्यांच्या परसात कागदी लिंबाचे अथवा कढीलिंबाचे झाड आहे, त्यांस पावसाळ्यातील एका पाहुण्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. कोवळ्या पानावर प्रथम पक्ष्याच्या विष्ठेसारखा एक ठिपका दिसतो. माणूस त्याकडे दुर्लक्ष करतो आणि पक्षीही फसतात. पुढे तोच ठिपका हिरवागार होऊन चालू लागतो, व रोपाच्या काड्या तेवढ्या उरतात. ही लिंबावरील फुलपाखराची अळी होय. डिवचल्यास डोक्यामागून तांबूस दुहेरी शिंग काढून ती असा उग्र दर्प सोडते की, धीट मुलेही दोन पावले मागे सरतात.

आमचा तालुका कपाशीचा. तेव्हा फवारणीचा पंप आणि औषधाची उरलेली बाटली शेजारी सहज मिळते. 'दोन थेंब मारा, काम झाले,' असा सल्लाही आपुलकीने मिळतो. आम्ही तो आदराने ऐकतो, पण पाळीत नाही. त्या झाडाची पाने रोज आमच्या फोडणीत पडतात आणि त्याच्याच सावलीत नातवंडे मातीत खेळतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. शिवारातील ते विष स्वयंपाकघराच्या दारी आणण्याचा धीर आम्हांस होत नाही.

मग अळीस मोकळे रान द्यावे काय? मुळीच नाही. सकाळी पाने उलटून पाहावी व अळ्या वेचाव्या. तेवढ्याने न भागल्यास पन्नास ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवाव्या आणि गाळून, किंचित साबण मिसळून, सायंकाळी फवाराव्या. उन्हाने अर्काचा गुण जातो. या अर्काने अळी तत्काळ मरत नाही. तिची भूक मोडते व कात टाकणे बिघडते. एखाद्या अळीच्या अंगावर तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे कोश दिसले, तर तिला हात लावू नये. ते एका चिमुकल्या गांधीलमाशीच्या जातीचे कोश असतात. तिच्या पिलांनी अळीस आतून पोखरलेले असते. जालीम औषधाने हे मित्रही मरतात. अळी लवकर परतते, मित्र मात्र उशिरा येतात.

एकाच शस्त्रावर विसंबण्याचा परिणाम खानदेशाने पाहिला आहे. जपानात १९०१ साली रेशीमकिड्यांच्या रोगात सापडलेल्या एका जिवाणूचा विषगुण पुढे कपाशीत उतरविण्यात आला. त्या बीटी कपाशीस भारतात २००२ साली परवानगी मिळाली. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात तीच कपाशी पोखरली. रोज तेच विष खाणाऱ्या कुळात ते पचविणारा वंश उरतो, हा निसर्गाचा हिशेब आहे.

म्हणून आम्ही अळीशी निकराचे युद्ध करीत नाही. वेचलेल्या अळ्या कोपऱ्यातील बेलावर नेऊन सोडतो. तोही त्यांचा आहारच. फुलपाखरे त्यामुळे परसात टिकतात. श्रावणी सोमवारी अखंड त्रिदल मिळत नाही, ही घरातील मंडळींची तक्रार मात्र रास्त असून तिच्यावरचा उपाय अद्याप आम्हांस सापडलेला नाही.