जुना कॅमेरा काय लपवत नाही?

माझ्या टेबलाच्या खणात २००६ सालचा निकॉन डी४० आहे. संशोधनाच्या पहिल्या वर्षी शिष्यवृत्तीच्या पैशांतून तो मी जुन्या बाजारातून घेतला. साठ लाख पिक्सेलांचा हा कॅमेरा आजच्या साध्या फोनपुढेही आकड्यांत हरतो. तरी असे कॅमेरे हौसेने शोधणारे पुष्कळ आहेत. विद्यार्थी विचारतात, "मॅडम, जुन्या सीसीडी संवेदकाचे रंग खरेच वेगळे असतात का?"

कित्येक वर्षे मी 'हो' म्हणत असे. मग एकदा तेच फूल, त्याच प्रकाशात, या कॅमेऱ्याने आणि नव्या सीमॉस कॅमेऱ्याने टिपले. दोन्हींच्या कच्च्या फायलींवर एकसारखी प्रक्रिया केली. कोणते चित्र कशाचे, हे मलाच सांगता आले नाही.

यात नवल नव्हते. १९६९ साली बॉइल आणि स्मिथ यांनी शोधलेल्या, २००९ चे नोबेल मिळवून देणाऱ्या सीसीडीत विद्युतभार हातोहात घागरी पोहोचवाव्यात तसा ओळीओळीने कडेला जातो आणि तिथे मोजला जातो. सीमॉसमध्ये प्रत्येक पिक्सेलपाशीच प्रवर्धक असतो. पण प्रकाश टिपणारे सिलिकॉन दोन्हींत तेच. रंग ठरतात ते मुख्यतः संवेदकावरील गाळण्यांनी आणि नंतरच्या गणिताने.

मग या कॅमेऱ्याचा लोभ का सुटत नाही?

आजीचे शेवटचे छायाचित्र मी याच कॅमेऱ्याने, समईच्या उजेडात घेतले. तिच्या गालावर रवाळ ठिपके आहेत. दहा हजार फोटॉन मोजले तर त्यांत शंभराचा चढउतार असतो, म्हणजे एक टक्का. शंभरच मिळाले तर दहाचा, म्हणजे दहा टक्के. अंधारात प्रकाशाचा हा स्वभाव उघडा पडतो. एकदा ठिपके पुसणारी संगणकप्रणाली चालवून पाहिली. गाल नितळ झाला, सुरकुत्याही गेल्या. ती माझी आजी नव्हती. मूळ चित्रच जपून ठेवले.

तेव्हापासून मंगळयानाचे एक छायाचित्र मला अधिक जवळचे वाटते. सहा महिन्यांसाठी आखलेली ती मोहीम कक्षेतील सहाव्या वर्षात असताना, १ जुलै २०२० रोजी, तिच्या रंगीत कॅमेऱ्याने सुमारे ४,२०० किलोमीटरवरून फोबोस हा मंगळाचा उपग्रह टिपला. संवेदक अवघा २०४८ × २०४८ पिक्सेलांचा. एका पिक्सेलमागे २१० मीटर. त्याहून बारीक तपशील त्यात नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणूनच त्यात दिसणारे स्टिकनी विवर निःशंकपणे 'दिसले' असे म्हणता येते.

रंगांची दंतकथा मी सोडून दिली आहे. कॅमेरा मात्र नाही. ज्याची चूक किती हे ठाऊक असते, त्या उपकरणावर विश्वास ठेवता येतो. आपल्या फोनमधले एखादे चित्र आज मोठे करून पाहा, आणि त्यातले टिपलेले किती, भरलेले किती, हे स्वतःला विचारा.