दार आणि पोशाख

अंबरनाथच्या आमच्या वर्गात इतिहास शिकविताना आम्ही अंतराळातील स्पेसवॉकच्या सनावळ्याही सांगतो. १८ मार्च १९६५ रोजी सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सी लिओनोव्ह यानाबाहेर सुमारे १२ मिनिटे तरंगले. पहिल्या स्त्री, स्वेतलाना सावित्स्काया, बाहेर पडल्या त्या १९८४ मध्ये. पहिले कृष्णवर्णीय अमेरिकी, बर्नार्ड हॅरिस, १९९५ मध्ये. मार्च २०१९ मध्ये दोन स्त्रियांनी एकत्र बाहेर पडण्याचा बेत मध्यम मापाचा दुसरा पोशाख सज्ज नसल्याने ऑक्टोबरपर्यंत लांबला. केवळ दार उघडल्याने समता येत नाही. पहिल्या पिढीतील विद्यार्थ्याला प्रवेश मिळाला, तरी वसतिगृह, पुस्तके, शिष्यवृत्ती हा त्याच्या मापाचा पोशाख वेळेवर मिळावयास हवा. तो सिद्ध ठेवण्याची जबाबदारी आपणा सर्वांची आहे.