माळवदाचा भार

नवीन पनवेलमध्ये सध्या सिडकोच्या जुन्या इमारती पाडून तिथे टॉवर उभे राहत आहेत. त्या कामांवरचे बरेच गवंडी, सेंट्रिंगवाले आणि रात्रीचे राखणदार लातूर-धाराशिवकडचे असतात. त्यांतला एक राखणदार बोलता बोलता म्हणाला, “साहेब, माझा बाप अजून स्लॅबखाली झोपत नाही. पाऊस असो, थंडी असो, पत्र्याच्या शेडातच.” गाव विचारलं. किल्लारीच्या जवळचं निघालं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे तिथे भूकंप झाला तेव्हा या मुलाचा जन्मही झाला नव्हता, पण घरातली भीती त्याला वारशानं मिळाली होती.

जुन्या घरांच्या बांधणीचं मला कॉलेजच्या दिवसांपासून वेड. किल्लारीबद्दल वाचलं पुष्कळ होतं, गेलो मात्र कधी नव्हतो. पनवेलहून नांदेडला जाणारी एक्स्प्रेस लातूरवरून जाते, तिचं तिकीट काढलं.

गाडी कर्जत सोडून घाट चढू लागली की दोन्ही बाजूंना काळा कातळ दिसतो. आपल्याकडे किनारपट्टीला या कातळाचे थर समुद्राच्या दिशेनं झुकलेले आहेत, आणि भूशास्त्रात त्या झुकावाला पनवेलचंच नाव आहे : पनवेल फ्लेक्झर. हाच कातळ घाटमाथ्यावरून थेट मराठवाड्यापर्यंत पसरला आहे. दख्खनचं पठार म्हणजे पोलादी बैठक, इथे मोठा भूकंप होणे नाही, अशी समजूत पूर्वी होती. ती १९६७ साली कोयनेला हादरली आणि १९९३ साली किल्लारीत पार कोसळली. भूकंपानंतर किल्लारीत विंधनविवर घेतलं, तेव्हा काळा कातळ सुमारे ३३८ मीटरवरच संपला आणि त्याखाली फार प्राचीन खडक लागला. भूकंपधोक्याच्या जुन्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. २००२च्या नकाशानं त्याला तिसऱ्या क्षेत्रात घातलं. त्या नकाशात मुंबई, पनवेलही तिसऱ्याच क्षेत्रात. म्हणजे कागदावर आपण आणि किल्लारी शेजारी आहोत.

लातुरात ज्या लॉजवर उतरलो तिथे पाणी सकाळी तासभर येईल असं सांगितलं होतं, ते आलंच नाही. खोलीला खिडकी होती, ती भिंतीकडे उघडत होती. चडफडत बाहेर पडलो आणि किल्लारीला जायला रिक्षा ठरवली. औशाचा भुईकोट रस्त्यावरूनच पाहिला, खरोशाच्या लेण्यांकडे वळलोही नाही. रिक्षावाल्याला मात्र स्मृतिस्तंभ दाखवून दुपारच्या आत परत फिरायचं होतं. “बाकी काय बघायचंय तिथं? सगळं गेलं की,” असं तो दर पाच मिनिटांनी म्हणत होता.

सगळं गेलं हे खरंच. भूकंपाच्या आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. मिरवणुका उरकून, गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली होती. पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना जमीन हलली. तीव्रता ६.२, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यम. तरीही लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत मिळून आठ-नऊ हजारांहून अधिक माणसं गेली, तीही बहुतेक अंथरुणातच. किल्लारी, सास्तूर, होळी, मंगरूळ, पेठसांगवी अशी गावंच्या गावं जमीनदोस्त झाली. हादरे काही अचानक सुरू झाले नव्हते. १९९२च्या ऑक्टोबरपासून जमिनीतून आवाज येत होते, भिंतींना तडे जात होते. माणसं काही दिवस अंगणात झोपली, मग पुन्हा घरात गेली. नांगरट, पेरणी, गुरं, लग्नं थांबत नसतात. किती दिवस बाहेर झोपणार?

मध्यम भूकंपात इतकी माणसं का गेली, याचं उत्तर मला जवळच्याच, नव्या जागी न हलवलेल्या एका गावात मिळालं. तिथे अजून माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, काही घरं उभी आहेत. त्यांतल्या एका घरातल्या आजींनी आत बोलावलं. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत मात्र गारवा. भिंत जवळजवळ हातभर रुंद. पडक्या कोपऱ्यातून तिचं पोट दिसत होतं : बाहेरून दगड, आतून दगड, मध्ये माती आणि चिपा. दोन्ही अंगांना बांधून ठेवणारा आरपार दगड कुठेच नाही. वर सागाच्या तुळया, त्यांवर फळ्या, आणि त्यांवर माती. किती? मी हात लावून पाहिलं, दीड फूट सहज भरली असती.

“एवढी माती कशाला, आजी?”

“गळतंय म्हणून टाकायची की, लेकरा. दर साली मिरगाच्या आधी पांढऱ्या मातीचा एक थर. सासूनं टाकला, तिच्या सासूनं टाकला, मीबी टाकला.”

तिथेच मी थबकलो. घराची काळजी घेणाऱ्या प्रत्येक पिढीनं घराच्या डोक्यावर थोडा थोडा भार चढवला होता. जुना थर खरवडून काढायला हवा, हे कुणी सांगितलं नाही. भूकंपात जिथे खणांच्या लाकडी खांब-तुळया धड होत्या, तिथे भिंती बाहेर पडूनही छत काही ठिकाणी वर टिकलं. जिथे छत थेट भिंतींवर टेकलं होतं, तिथे भिंतीबरोबर तेही खाली आलं. या बांधणीला अडाणीपणा म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. उन्हाळ्यातली काहिली, दरोड्यांचं भय, रझाकारांचे दिवस, हाताशी दगड आणि माती एवढंच भांडवल. त्या माणसांनी शहाणपणानंच घरं बांधली होती. फक्त एका धोक्याचा हिशेब त्या शहाणपणात नव्हता.

संध्याकाळी लातुरात इतिहासाच्या एका निवृत्त प्राध्यापकांशी चांगलाच वाद रंगला. त्यांचं म्हणणं, “जे कूळकायद्याला जमलं नाही ते भूकंपानं केलं. गढी पडली, वाडा पडला, सगळे एका ओळीत आले.” मी म्हटलं, “सर, ओळीत आले, पण मापं वेगळी होती.” जागतिक बँकेच्या मदतीनं राबवलेल्या पुनर्वसनात बावन्न गावं नव्या जागी वसवली. भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फुटांचं घर, मधल्यांना ४००चं, सात हेक्टरांहून जास्त जमीन असणाऱ्यांना ७५०चं. म्हणजे पाडलेली उतरंड सिमेंटमध्ये पुन्हा उभी राहिली. प्राध्यापकांनी टेबलावर हात आपटला. “पण ज्याला आयुष्यात भिंत नव्हती त्याला पक्की भिंत मिळाली, ते तुम्ही का मोजत नाही?” ते मोजलंच पाहिजे. तरी माझं मत मी सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी नव्या किल्लारीत हिंडलो. रुंद, सरळ रस्ते, काटकोनात कापलेले. आमच्या सेक्टरांसारखेच. जुन्या गावात ओसरीवरून हाक मारली की चार घरं ओ देत. इथे शेजारीण गाठायला ऊन तुडवावं लागतं. गुरांना जागा ठेवलेली नव्हती, चुलीला नव्हती, कणगीला नव्हती. ते सगळं लोकांनी नंतर स्वतः जोडलं : मागे पत्र्याचं शेड, पुढे ओटा, कडेला कडुलिंब. सरकारी घरात टीव्ही, धान्य आणि पाहुणे. माणसं बहुतेक शेडात. राखणदाराच्या बापाचं नवल मला तिथे उरलं नाही.

या काळातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. जी गावं नव्या जागी हलवली नाहीत तिथल्या दुरुस्तीच्या कामात गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून उतरल्या. भिंतीत आरपार दगड कुठे हवा, सिमेंटचा पट्टा कुठल्या उंचीवर हवा, छतावरची माती किती उतरवायची, हे त्या घरोघरी सांगत आणि गवंड्याला जाबही विचारत. माळवदावर माती टाकणारे हात ती उतरवू लागले. सबंध पुनर्वसनातली ही मला सर्वांत मोठी गोष्ट वाटते. फुकट मिळालेल्या घरानं निवारा दिला. पण आपलं घर कशावर उभं आहे याचं ज्ञान या बायकांनी दिलं.

म्हणून नवीन पनवेलच्या आणि अशाच प्रत्येक वस्तीच्या वाचकांना कळकळीनं सांगतो. आपणही माळवदं चढवतोच आहोत. गळतं म्हणून गच्चीवर कोब्यावर कोबा, टंचाई म्हणून जादा टाक्या, जागा हवी म्हणून आतल्या भिंती काढणं, गाड्यांसाठी तळमजला नुसत्या खांबांवर मोकळा सोडणं. यातलं प्रत्येक काम आपण घराच्या काळजीपोटीच करतो. इमारत पंधरा वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आणि तिशी ओलांडली की दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं, असं सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत लिहिलेलं आहे. येत्या सर्वसाधारण सभेत रंगाच्या आणि पार्किंगच्या आधी हा विषय घ्या. अहवाल आला की कपाटात ठेवू नका, प्रत्येक घरात वाचा, आणि वरचा भार आधी उतरवा.