माऊस माझ्या हातात होता

तो अंध आहे, पेटी सुरेख वाजवतो आणि आपल्या चाली घरी स्वतःच रेकॉर्ड करतो, हे मला ठाऊक होतं. तरी तो माझ्या स्टुडिओत आला तेव्हा मी त्याला माइकसमोर बसवलं आणि संगणकाचा ताबा स्वतःकडे घेतला. आपण मदत करतोय, असंच मला वाटत होतं.

त्याने आणलेला लॅपटॉप मी उघडूही दिला नाही. त्यात रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर होतं, एनव्हीडीए होतं आणि ओसारा. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये लिहायला घेतलं. त्याचा सहकारी जेम्स टेह हाही अंध. त्याने रीपरला जोडायचं ओसारा सुरू केलं. कोणता ट्रॅक निवडलाय, तो रेकॉर्डिंगला सज्ज आहे का, आवाज ठरवलेल्या पातळीच्या वर गेला का, हे सगळं त्यामुळे कानावर येतं. कामं कीबोर्डवरून होतात. माऊस लागत नाही.

पुढच्या खेपेला तो म्हणाला, "दादा, आज मी बसतो की!" मी खुर्ची दिली, सवय सोडली नाही. एनव्हीडीएचं बोलणं त्याने इतकं भरभर ठेवलं होतं की मला एक शब्द कळेना, म्हणून न विचारता मी वेग कमी केला. ऐकणारा तो होता, मी नव्हतो! शिवाय ते बोलणं आणि गाणं दोन्ही मी एकाच ऑडिओ इंटरफेसमधून सोडलं. बोलणं स्पीकरवर आलं, उघड्या माइकमध्ये शिरलं आणि त्याची चाल गाणाऱ्या गायिकेचा सर्वांत चांगला टेक वाया गेला. बोलण्यासाठी लॅपटॉपचंच साउंड कार्ड आणि एका कानात इयरफोन, एवढी साधी सोय तो पहिल्या दिवसापासून सांगत होता.

पण मला खरी बोचते ती शेवटच्या मिक्सिंगची गोष्ट. आवाजाला घुमारा देणारा माझा आवडता, महागडा रिव्हर्ब मी लावला. त्याची खिडकी म्हणजे नुसतं चित्र. बटणांना वाचता येतील अशी नावंच नाहीत, त्यामुळे एनव्हीडीए गप्प. त्याला रीपरमधलाच साधा रिव्हर्ब चालणार होता, कारण तो त्याला स्वतः फिरवता आला असता. "त्यात ती मजा नाही रे," म्हणत मी माझंच रेटलं. पेटी मागे ढकलली. भात्याचा आवाज मला खरखर वाटला, तो काढून टाकला. "भाता राहू द्या दादा, गाणं तिथेच श्वास घेतं," असं तो म्हणाला होता.

गाणं तसंच बाहेर गेलं. नंतर त्याने पेटीचा मूळ ट्रॅक मागितला. स्वतः पुन्हा मिक्स करणार होता. माझ्याकडे फक्त साफ केलेली फाइल उरली होती. मूळची मी जागा करण्यासाठी पुसून टाकली होती, त्याला न विचारता.