पाहुण्याला मुंबई दिसू दे

गावदेवी, मुंबई

चि. बंडू यास,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. परदेशचे पंतप्रधान येणार, त्यांच्या ताफ्याचा काही रस्ता तुमच्या वॉर्डातून जाणार आणि तो पट्टा नीटनेटका करून ठेवायची जबाबदारी तुझ्यावर आली, हे वाचून बरं वाटलं. नोकरीत नवा असूनही तुझ्यावर विश्वास टाकला गेला. पण निरोपातलं एक वाक्य मनातून जात नाही. ‘झोपड्यांच्या बाजूला हिरवं कापड लावायचं आहे, किती मीटर लागेल ते मोजतोय,’ असं तू लिहिलंस. त्यावर फोनवर धड बोलणं होणार नाही, म्हणून हे पत्र.

ओबामा आले तेव्हा आमच्या गल्लीत काय काय झालं, असं तू विचारलंस. तेव्हा तू शाळेत होतास, दिवाळीच्या सुट्टीत गावी गेला होतास. 5 नोव्हेंबर 2010 ला लक्ष्मीपूजन झालं आणि दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, ते मुंबईत उतरले. आधी ताजमहाल हॉटेल, मग आमच्या शेजारचं मणिभवन, मग नरिमन पॉइंटला उद्योगपतींची सभा. त्या आठवड्यात लॅबर्नम रोड ओळखू येत नव्हता. खड्डे बुजले, फुटपाथच्या कडांना रंग लागला, कित्येक महिने बंद असलेले दिवे लागले. आणि मणिभवनाच्या भोवतालच्या माडांवरचे नारळ उतरवले. पाहुण्याच्या डोक्यात पडू नयेत म्हणून. ही बातमी जगभर छापून आली आणि लोक हसले.

मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. नारळ डोक्यात पडून माणूस दगावतो, हे कोकणातल्या कुणालाही विचार. उतरवले ते योग्यच केलं. पण ते माड काही त्या आठवड्यात उगवले नव्हते. त्यांच्या खालून शाळेची मुलं जात होती, दूधवाला जात होता, मणिभवन बघायला आलेली खेड्यापाड्यातली माणसं सावलीला उभी राहत होती. त्यांच्या डोक्यांची काळजी घ्यायला अमेरिकेचा अध्यक्ष यावा लागला, याचा मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. दिव्यांचं तेच, खड्ड्यांचं तेच. जे काम आठ दिवसांत होऊ शकलं, ते आधी का होत नव्हतं, याचं उत्तर आम्हाला कुणी दिलं नाही.

बंदोबस्ताबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगते. 26 नोव्हेंबर 2008 ला या शहरावर हल्ला झाला, 166 माणसं मारली गेली आणि त्याला दोन वर्षंही झाली नव्हती. ओबामा उतरले तेही ताजमध्येच. हल्ला झालेल्या जागी मुक्काम करायचा आणि तिथूनच बोलायचं, हे त्यांनी ठरवून केलं आणि मुंबईकर म्हणून मला त्याचं मोल वाटलं. तेव्हा घरोघरी येऊन नावं लिहून घेतली, खिडक्या बंद ठेवायला सांगितलं, गच्चीवर जाऊ नका म्हणाले. आम्ही सगळं ऐकलं. सुरक्षेपायी दोन दिवस घरात बसायला कुणाची ना नसते.

पण त्या दोन दिवसांत आमच्या दारची कोळीण आली नाही. इस्त्रीवाल्याचं टेबल उचललं गेलं. कोपऱ्यावरचा केळीवाला ऐन दिवाळीत हातगाडी घेऊन कुठे गेला, ते आम्हाला चार दिवसांनी कळलं. त्यांना आधी कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी येऊन ‘उठा’ म्हटलं, एवढंच. दिवाळीतल्या शनिवार-रविवारची कमाई त्या माणसाला वर्षभरात परत मिळत नाही. त्यांच्यापासून पाहुण्याला काही धोका होता, असं मानायला मी तयार नाही. ते दिसायला नको होते, म्हणून त्यांना उठवलं.

आता त्याच दिवशी नरिमन पॉइंटला काय झालं, ते बघ. ओबामांच्या पक्षाने 2 नोव्हेंबरच्या निवडणुकीत प्रतिनिधिगृह गमावलं होतं. चार दिवसांनी ते मुंबईत उभे राहिले आणि सुमारे 10 अब्ज डॉलरचे सौदे झाल्याचं, त्यातून अमेरिकेत 50,000 हून जास्त नोकऱ्या टिकतील असं जाहीर केलं. आपल्याकडे काहींना ते स्वार्थी वाटलं. मला नाही वाटलं. आपल्या देशातल्या माणसांच्या पोटापाण्याचा हिशेब घेऊन तो माणूस एवढ्या लांब आला आणि तो हिशेब त्याने उघडपणे मांडला. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाचं ते कामच आहे. मला दुःख एवढंच, की आमच्या कोपऱ्यावरच्या केळीवाल्याचा हिशेब त्या दिवशी कुणाच्याच कागदावर नव्हता.

त्या दिवसांत अफवाही फार उठल्या. दौऱ्यावर दिवसाला वीस कोटी डॉलर उधळले जाताहेत, किनाऱ्याजवळ 34 युद्धनौका उभ्या आहेत, असं लोक शपथेवर सांगत होते. अमेरिकी सरकारने दोन्ही गोष्टी खोट्या ठरवल्या.

मणिभवनाबद्दल मात्र थोडं जास्त लिहिते, कारण मला सांगायचं आहे ते तिथेच आहे. 1917 ते 1934 या काळात गांधीजी मुंबईत आले की बहुधा तिथे उतरत. घर रेवाशंकर जगजीवन झवेरींचं. 4 जानेवारी 1932 च्या पहाटे गांधीजींना अटक झाली, तेव्हा ते त्याच घराच्या गच्चीवरच्या तंबूत होते. जगाचं लक्ष त्यांच्याकडे असतानासुद्धा त्यांची खोली काय, तर एक गादी, एक चरखा, एक बैठं मेज. तिथे येणाऱ्या कुठल्याही मोठ्या माणसासाठी त्या खोलीत काही वाढवलं नाही की झाकलं नाही. 1959 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग तिथे मुक्कामाला होते. त्यांच्या हातची नोंद तिथल्या वहीत आहे, ती ओबामांना दाखवली आणि मग त्यांनी आपली नोंद केली. ज्या खोलीत लपवण्यासारखं काही नाही, ती बघायला तो माणूस मुद्दाम वाट वाकडी करून आला होता. आणि त्या खोलीपर्यंतच्या रस्त्यावरून आपण गरीब माणसं उचलली. गांधींच्या दाराशी हे व्हावं, याची मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशीचंही ऐक. कुलाब्याच्या होली नेम शाळेत मुलांनी कोळीनृत्य केलं. मिशेल ओबामा उठून त्यांच्यात नाचायला लागल्या, मग त्यांनी नवऱ्यालाही ओढलं. ते चित्र सगळ्यांच्या लक्षात राहिलं. मग झेवियर्स कॉलेजात विद्यार्थ्यांशी बोलणं झालं. सुरुवातीला मिशेलबाईंनीच मुलांना सांगितलं, जरा अवघड प्रश्न विचारा. एका मुलीने उभं राहून विचारलं की पाकिस्तानला दहशतवादी राष्ट्र म्हणून अमेरिका जाहीर का करत नाही. आदल्या दिवशी ताजमध्ये बोलताना ओबामांनी पाकिस्तानचं नाव घेतलं नव्हतं, ते शहराला लागलं होतं, आणि ते त्या मुलीने तोंडावर विचारलं. हा प्रश्न येणार असं धरूनच होतो, असं ओबामा म्हणाले. उत्तर मला पुरेसं वाटलं नाही. पण खरी मुंबई त्यांना दिसली ती त्या अंगणात.

2003 च्या नोव्हेंबरची गोष्ट तुला आजोबांनी सांगितली असेल. ब्रिटनचे युवराज चार्ल्स आले होते, आता ते राजे आहेत. त्यांना डबेवाले बघायचे होते. मावळ-खेडकडची ही माणसं, दुपारच्या जेवणाच्या आत डबा पोचलाच पाहिजे हा त्यांचा धर्म. त्यांनी कळवलं की आम्ही तुमच्याकडे येऊ शकत नाही, तुम्ही चर्चगेटला या, आणि डब्यांची अदलाबदल होते तेवढ्या वेळातच या. युवराज आले. फुटपाथवर उभे राहिले, डब्यांवरच्या खुणा समजावून घेतल्या आणि डबे वेळेवर गेले. एकही गिऱ्हाईक त्या दिवशी उपाशी राहिलं नाही. दीड वर्षाने, एप्रिल 2005 मध्ये, चार्ल्स यांच्या लग्नाचं आमंत्रण डबेवाल्यांना आलं आणि त्यांचे दोन प्रतिनिधी इंग्लंडला जाऊन आले. परदेशी पाहुण्याचं याहून चांगलं स्वागत या शहरात झालेलं मला माहीत नाही. आणि त्यासाठी कुणाचं टेबल उचलावं लागलं नाही.

या शहराला पाहुणे नवे नाहीत, बंडू. गेटवे उभा आहे तोच मुळी पंचम जॉर्जच्या 1911 च्या आगमनाची खूण म्हणून. राजा आला तेव्हा दगडी कमान नव्हतीच, तात्पुरती शोभेची उभारणी करून भागवलं होतं. कमान पुरी व्हायला 1924 उजाडलं. 28 फेब्रुवारी 1948 ला शेवटची इंग्रज पलटण तिच्याच खालून बोटीकडे गेली. 17 नोव्हेंबर 1921 ला प्रिन्स ऑफ वेल्स त्याच धक्क्यावर उतरला, तेव्हा एकीकडे सरकारी स्वागत आणि दुसरीकडे परळला परदेशी कापडाची होळी. त्या दिवसापासून दंगल पेटली, माणसं मेली आणि गांधीजींनी उपोषण केलं. 1955 च्या नोव्हेंबरात बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह आले. त्याच्या काही दिवस आधी, 21 तारखेला, फ्लोरा फाउंटनवर संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला होता. घराघरांत सुतक होतं आणि रस्त्यांवर कमानी होत्या, असं आई सांगायची. शहराच्या मनात एक असतं आणि पाहुण्याच्या वाटेवर दुसरंच मांडलं जातं, हे तेव्हापासूनचं आहे. इंग्रजांनी तसं केलं तर समजू शकते. ते आमचे नव्हते. आपल्या माणसांनी आपल्याच माणसांवर कापड टाकणं मला समजत नाही.

आणि आता हे वाढत चाललंय. 2020 च्या फेब्रुवारीत ट्रम्प अहमदाबादला आले, तेव्हा विमानतळाच्या रस्त्यावर झोपडवस्तीच्या समोर भिंत उभी राहिली. ती आधीच ठरलेली होती, असं तिथल्या महापालिकेने सांगितलं. असेलही, पण बांधून झाली ती पाहुणा यायच्या वेळेला. 2022 च्या डिसेंबरात जी-20 च्या बैठकीसाठी आपल्याच मुंबईत वस्त्यांसमोर पडदे लागले. पुढच्या वर्षी दिल्लीत हिरवी कापडं लागली. त्या कापडामागे राहणाऱ्या बाईला सकाळी दार उघडल्यावर काय दिसतं, याचा विचार कर. कापडाची मागची बाजू दिसते. तिच्या घरी नळ आला नाही, गटार झाकलं गेलं नाही, पण तिला झाकायला पैसे निघाले. आणि ती कदाचित त्याच मोठ्या हॉटेलात भांडी घासायला जात असेल, जिथे पाहुणे जेवणार आहेत. तिचा मुलगा तुझ्या झाडू-खात्यात असेल, पहाटे उठून तोच रस्ता चकाचक करणारा. ज्यांच्या हातांनी हा रस्ता स्वच्छ होतो, त्यांचीच घरं त्यावरून दिसू नयेत?

पाहुण्यांना फसवता येतं, हा समजही सोडून दे. त्यांच्याबरोबर त्यांचे पत्रकार येतात, ते आधी कापडामागेच जातात. जगभर बातमी होते ती कापडाची.

तू नवा आहेस, वरून आदेश येणार, हे मला कळतं. तुला कुणाशी भांडायला सांगत नाही. पण तुझ्या हातात बरंच आहे. पथविक्रेत्यांचा 2014 चा कायदा काढून वाच. फेरीवाल्याला हलवायचं तर 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते, असं त्यात लिहिलेलं आहे. सुरक्षेसाठी खरंच कुणाला दोन दिवस उठवायचं असेल, तर निदान आठवडाभर आधी स्वतः जाऊन सांग, कुठून कुठपर्यंत आणि किती वाजेपर्यंत ते कागदावर लिहून दे, आणि ताफा गेल्या गेल्या त्यांना परत बसू दे. नंतर ‘आता आलातच कशाला’ म्हणून पुन्हा हाकलणारे येतात, त्यांच्यापुढे तू उभा राहा. दिवे, फुटपाथ, झाडांच्या वाळलेल्या फांद्या ही कामं झटून कर. फक्त ती पाहुणा निघून गेल्यावरही टिकतील अशी कर आणि शोभेसाठी ठेवलेल्या कुंड्या परत उचलून नेऊ देऊ नकोस.

कापडाचं मात्र मोजमाप थांबव. तेवढ्याच पैशांत त्या वस्तीपुढचं गटार झाकून होतं का, किती खर्च येईल, हे अभियंत्याकडून काढून घे. आणि वरिष्ठांना हे तोंडी सांगू नकोस. टिपणी लिही, आकडे घाल, सही कर आणि फाईलवर ठेव.

तुझी,
मावशी